बत्तीस पदर

टेबलाच्या डाव्या पुढच्या पायाखाली कागदाची एक घडी होती. काडेपेटीएवढी, कडा नखाने दाबून सरळ केलेल्या. एवढी घडी व्हायला लिहायचा मोठा कागद पाच वेळा दुमडावा लागतो, म्हणजे बत्तीस पदर. एक पदर मिलिमीटरचा दहावा भाग धरला तर सव्वातीन मिलिमीटर, आणि टेबलाच्या भाराखाली थोडं दबून तीन. मी तळहात टेकवून चारही कोपऱ्यांवर एकेकदा जोर दिला. टेबल हललं नाही. हे टेबल माझ्याहून चार वर्षांनी मोठं आहे आणि मला कळायला लागल्यापासून ते डुगडुगत आलं आहे. त्याच्या पायाखाली बुचाची चकती होऊन गेली, नाटकाची जुनी तिकिटं होऊन गेली, एकदा माझं रद्द झालेलं ग्रंथालयाचं कार्डही होतं. पण प्रत्येक वेळी कुठेतरी अर्धा मिलिमीटर कमीजास्त व्हायचा आणि पेल्यातलं पाणी थरथरायचं. आज पहिल्यांदा माप बरोबर आलं होतं. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात अजून शाबूत आहे असं वाटून मला इतकं बरं वाटलं की घडी जवळून बघायला मी गुडघे टेकून खाली वाकले, गाल जवळजवळ फरशीला लावला. बाहेरच्या पदरावर निळ्या शाईत तीन शब्द दिसत होते: सकाळची गोळी पांढरी. अक्षर माझं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मी तो कागद लिहिला होता. सात कलमं, प्रत्येक कलम एका ओळीत. गॅस खालूनही बंद करायचा. सकाळची गोळी पांढरी, रात्रीची पिवळी. बाहेर पडताना किल्ली गळ्यात. शेवटच्या कलमात माझा फोन नंबर, मोठ्या आकड्यांत. चिकटपट्टीने तो मी दाराच्या आतल्या बाजूला लावला होता, नानांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. त्या वेळी नाना खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते आणि म्हणाले होते, "वा, नोटीस लागली. आता घर कायदेशीर झालं." मीही हसले होते. आता फरशीवर, गालाला गारवा लागत असताना, मला कळेना की या घडीचा अर्थ काय लावायचा. विसरू नये म्हणून दिलेला कागद कशासाठी आहे हेच विसरून त्यांनी त्याची घडी केली, की तो नीट वाचून, समजून, त्याची पायरी ओळखून त्याला पायाखाली घातलं? दोन्ही उत्तरांत घडी तीन मिलिमीटरचीच होते. मोजमापातून काही निघत नाही अशा जागी मी फार वेळ थांबत नाही, पण आज उठवेना.

"काय हरवलं, काटेबाई?" स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन नाना आले.

"नाना, हा कागद मी दारावर लावला होता."

"होता ना." ट्रे त्यांनी टेबलाच्या अगदी मधोमध ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, स्टेजवर उजेड बरोबर पडलाय का बघावं तसे. "बघ. एक थेंब सांडला का? चार दिवस झाले, टेबल गप्प आहे."

"त्यावर तुमच्या गोळ्या लिहिल्या होत्या."

"म्हणूनच तर. औषधी कागद. टेबलाला गुण आला."

ट्रेमध्ये तीन कप होते. मी तिसऱ्या कपाकडे बघितलं आणि माझं बघणं नानांनी बघितलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. एक सेकंद, दीड सेकंद. मग ते म्हणाले, "पाहुणे यायचेत ना." खरं होतं. नानांचे नाटकातले जुने सोबती मास्तर येणार होते, पाच वाजता, आणि हे मीच सकाळी फोनवर सांगितलं होतं. पण आता चार वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि नाना 'मास्तर' म्हणाले नाहीत, 'पाहुणे' म्हणाले. तिसरा कप मास्तरांसाठी होता की माझ्या नजरेनंतर तो मास्तरांचा झाला, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. गेलं वर्षभर हे असंच चाललं आहे. फ्रिजला ते थंड कपाट म्हणतात आणि खालच्या मजल्यावरच्या बाई पदर तोंडाला लावून हसतात. दुधवाल्याला, डॉक्टरांना, बँकेतल्या माणसाला, सगळ्यांना ते 'मालक' म्हणतात, आणि सगळ्यांना वाटतं, काय गोड म्हातारा आहे. वर्षात तीन वेळा स्वतःच्याच दाराबाहेर अडकले. तिन्ही वेळा जिन्यातली मंडळी गोळा झाली तेव्हा त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढला, "माझं कुलूप मलाच ओळखतं का, परीक्षा घेतोय," असं म्हणून दीड मिनिटात दार उघडलं आणि वर टाळ्या घेतल्या. मला हे सगळे किस्से फोनवर कळतात, हसू दाबत सांगितलेले. आणि मला काटेबाई हे नाव त्यांनी मी नोकरीला लागले तेव्हा ठेवलं, गंमत म्हणून; पण गेल्या सात महिन्यांत त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही. हे मी भावाला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

नानांचं कुलूपकिल्लीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी फळ्यांचा एक कोनाडा, आत एक माणूस उभा राहील आणि दुसरा वाकून डोकावेल एवढा. शाळा सुटल्यावर मी तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. हरवलेल्या किल्लीची किल्ली कशी करतात हे मी तिथे बघितलं. मूळ किल्ली नाही, कुलूप उघडून बघायचं नाही. एक कोरी किल्ली कुलपात घालायची, हलकेच फिरवून अडली की तिथेच जरा दाबायची, बाहेर काढून उजेडात धरायची. जिथे आतल्या खिट्टीने तिला टेकून बघितलं तिथे बारीकशी चमक उठते, टाचणीच्या टोकाएवढी. तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा उजेडात. "आपण एक बोलायचं, ते एक बोलतं," नाना म्हणायचे. "घाई केली की कुलूप रुसतं." वीस-पंचवीस वेळा हे झालं की कुलूप असं उघडायचं जणू ते मनात आणून बसलंच होतं. मला त्या वेळी ही पद्धत अडाणी वाटायची. मी विचारायची, आधी माप का नाही घेत? नाना म्हणायचे, माप घ्यायला आत जावं लागतं, आणि आत जाता आलं असतं तर किल्ली कशाला लागली असती.

घरातही तसंच. आमच्या घरात सगळं तात्पुरतं होतं. "तात्पुरतं केलंय, नंतर नीट बघू," हे नानांचं घोषवाक्य. नळाच्या आतली चकती जुन्या चपलेच्या तळातून कापलेली, ती एकोणीस वर्षं टिकली. पडदा सायकलच्या आऱ्यावर, रेडिओची तार छत्रीच्या काडीची, खिडकी उघडी राहावी म्हणून मध्ये लाटण्याचा तुकडा, आणि त्या तुकड्याला दोरी, कारण तो खाली रस्त्यावर कुणाच्या डोक्यात पडायला नको. आई म्हणायची, "या घरात कायमची अशी एकच वस्तू आहे, आणि तिला दोन वेळा स्वयंपाक करावा लागतो." मग आई गेली आणि चपलेची चकती राहिली. मी शिकून सवरून ज्या प्रयोगशाळेत लागले तिथे नेमकं याच्या उलट आहे. वजनं तपासणीसाठी लाकडी पेट्यांतून येतात, चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. खोली वीस अंशांवर. काट्याच्या काचेची दारं बंद करायची, आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघायची. कधी चाळीस सेकंद, कधी दोन मिनिटं. जवळ तोंड नेलं तर श्वासानेही शेवटचा आकडा हलतो, म्हणून वाचन घेताना आम्ही सगळेच नकळत श्वास धरतो. पंचवीस वर्षं मी दिवसातून साठ-सत्तर वेळा श्वास धरते आहे. मला ते आवडतं, असंच मी समजत आले. त्या खोलीत एक गोष्ट विचारली की एकच उत्तर येतं आणि उद्या विचारलं तरी तेच येतं.

नानांची दुसरी बाजू संध्याकाळची होती. हौशी नाटकमंडळी, सगळे दिवसा काही ना काही करणारे. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी नाटक बसवायचे; नाना त्यांना 'भूगोल' म्हणायचे आणि ते नानांना 'कुलूप'. तालमी एका गोदामाच्या माडीवर चालायच्या, तिथे कायम तागाच्या पोत्यांचा आणि रंगाच्या डब्यांचा वास असायचा, आणि अजून कुठे तो वास आला की माझे पाय आपोआप हळू पडतात. मी तेरा वर्षांची असताना वही धरणारे, अडलेल्या नटाला शब्द पुरवणारे गृहस्थ आजारी पडले आणि मास्तर म्हणाले, "हिला द्या. हिला डोळे मिटूनही स्वल्पविराम दिसतात." तेव्हापासून सहा वर्षं मी विंगेत बसले. विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची ती अंधारी पट्टी. तिथे एक मोडकं स्टूल, वर एक शून्य वॅटचा दिवा, मांडीवर तपकिरी वही. नट बोलायचे ते माझ्या बोटाखाली असायचं. समोर मारामाऱ्या व्हायच्या, माणसं मरायची, आणि पुढच्या ओळीत काय आहे हे त्या सगळ्या जागेत फक्त मला ठाऊक असायचं. त्या स्टुलावर मी जेवढी सुरक्षित होते तेवढी नंतर कुठेच झाले नाही.

मी पहिल्यांदा वही धरली त्या नाटकात नाना रखवालदार होते. बंद पडलेल्या गिरणीचा म्हातारा रखवालदार, त्याची मुलगी वर्षांपूर्वी रागावून निघून गेलेली. शेवटच्या प्रवेशात तिचं पत्र येतं. तो ते मोठ्याने वाचतो, पत्रात ती येईन म्हणत नाही आणि येणार नाही असंही म्हणत नाही. मग तो थांबतो, आणि म्हणतो, "दार उघडंच ठेवतो मी." तालमीत हा थांबा तीन सेकंदांचा होता. सातव्या प्रयोगाला नाना थांबले आणि थांबलेच. मी मोजत होते. चार, पाच, सहा. प्रेक्षागृहात कुणी खोकत नव्हतं. आठ, नऊ. त्यांचा चेहरा माझ्याकडून दिसत नव्हता, फक्त पाठ आणि हातातला कागद. दहा. मला वाटलं, गेलं, विसरले, आता सगळ्यांसमोर. अकराला मी बोलले. "दार उघडंच ठेवतो मी." कुजबुजायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण आवाज घशातून सुटला तो सरळ तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी फिसकन हसलं.

नाना वळले. विंगेकडे. रखवालदाराच्याच चेहऱ्याने, डोळे बारीक करून अंधारात बघत ते म्हणाले, "कोण आहे तिकडे?" हे वहीत नव्हतं. मी पान उलटून बघितलं, इतकी मी घाबरले होते. "दार उघडं आहे," ते म्हणाले. "ये. बाहेर ये." त्यांनी हात पुढे केला. तो हात मला आत्ता दिसतो: मनगटाशी कानशीने खरवडलेलं, बोटं थोडी वाकलेली, दिव्याच्या पिवळ्या पट्ट्यात. माझ्यापासून तीन पावलांवर. आणि मला कळत होतं की आता मी फक्त उठायचं आहे, बोलायचंही नाही, शाळेच्या फ्रॉकमध्ये तीन पावलं चालायचं आहे. मी वही छातीशी धरून बसून राहिले. नानांनी वाट बघितली. मग हात खाली घेतला, प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "नाही येत. लाजते. लहान असतानाही अशीच होती." पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. मास्तरांना वाटलं, नानांनी आधीच ठरवून हे केलं, आणि ते चिडले की त्यांना सांगितलं का नाही.

घरी जाताना आम्ही दोघं चालत होतो. वही माझ्या दप्तरात होती. "अकरा सेकंद झाले होते," मी म्हणाले.

"मोजत होतीस?"

"हो."

"मग चुकणारच की." थोडं चालून ते म्हणाले, "श्वासाकडे बघायचं. विसरलेला माणूस श्वास धरतो. थांबलेला माणूस श्वास घेत असतो. पाठीवरूनही दिसतं."

"तुम्ही घेत होता?"

"मस्त घेत होतो. जन्मात पहिल्यांदा वाटलं, या माणसांनी आता घरी जाऊ नये." मग कोपऱ्यावर आल्यावर, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं, येशील."

"वहीत नव्हतं," मी म्हणाले. आणि नाना हसायला लागले. दिव्याच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "वहीत नव्हतं! अगं खरंच की. वहीत नव्हतं." मलाही मग हसू आलं, रडू येत होतं त्याच जागेतून. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या समासात पेन्सिलने लिहिलं, 'थांबा ११. बोलू नये.' त्यानंतरच्या पाच वर्षांत मी कधी चुकले नाही. पण नानांनीही पुन्हा विंगेकडे हात केला नाही.

आता मंडळीला पन्नास वर्षं होताहेत. जुने जेवढे उरले तेवढ्यांनी मिळून एक कार्यक्रम करायचा, त्यात नानांचा तो शेवटचा प्रवेश, वीस मिनिटांचा. नाना हो म्हणाले, अर्थातच. मास्तर फोनवर मला म्हणाले, "तू सांग, जमेल का त्याला? मी त्याच्याशी बोलतो तेव्हा तो झकास असतो. पण झकास तर तो नेहमीच असतो." मी म्हणाले, सांगते. तेव्हापासून तीन आठवडे मी सांगते, सांगते करत होते. धाकटा भाऊ परगावाहून फोन करून म्हणाला, "ताई, तू हो म्हणू नकोस. चारशे माणसांसमोर शोभा होईल. जन्मभर ज्यांनी टाळ्या दिल्या ते कीव करत घरी जातील. ते तुला चालेल?" मी म्हणाले, नाही चालणार. "मग नाही सांग आणि मोकळी हो." "सांगते," मी त्यालाही म्हणाले. हो म्हटलं आणि ते स्टेजवर अडले, तर तो शेवटचा प्रयोग सगळ्यांच्या लक्षात राहील, पहिले दोनशे पुसले जातील. नाही म्हटलं तर मला त्यांना कारण सांगावं लागेल. आणि कारण सांगितलं की हे जे आम्ही दोघं वर्षभर करतो आहोत, त्यांनी शब्द बदलायचा आणि मी तो ऐकून घ्यायचा, तिसरा कप ठेवायचा आणि मी तो मास्तरांचा मानायचा, ते संपेल. त्यानंतर ते माझ्यासमोर फक्त एक विसरणारे म्हातारे असतील आणि मी कागद लिहिणारी बाई.

पाचला पाच कमी असताना मास्तर आले. जिना चढून दमलेले, काखेत पिशवी. नानांनी दार उघडलं. "या या मालक, या."

मास्तरांनी चप्पल काढता काढता वर बघितलं. चाळीस वर्षांत नानांनी त्यांना भूगोलशिवाय दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. पण मास्तर जुने नट. ते म्हणाले, "काय कुलूप, गंज चढला की नाही?" आणि नाना म्हणाले, "तेल घालणारी येते ना दर शनिवारी," आणि माझ्याकडे हात केला. आज शनिवारच होता. मी चहा पुन्हा गरम करायला आत गेले तर मास्तर माझ्यामागे आले, पिशवीतून तपकिरी वही काढून माझ्या हातात दिली. पुठ्ठा नवा घातलेला, आतली पानं तीच.

"काय ठरलं?" ते हळूच म्हणाले.

"सांगते."

"तीन आठवडे मी सांगते ऐकतोय, पोरी. सोमवारी पत्रिका छापायला जाते. हो किंवा नाही. तू वही धरणार असशील तर मी धोका पत्करतो. अडला तर दे शब्द, लोक समजून घेतात."

"कुजबुज कसली?" बाहेरून नाना म्हणाले. "कुजबुजायला विंग असते. घरात मोठ्याने बोलावं."

"म्हणत होतो, एकदा करून बघू या का?" मास्तर बाहेर जात म्हणाले. "पत्राचा प्रवेश. आहे तसा, बसल्याजागी."

नाना लगेच उठले. खुर्ची तिरकी केली, टेबलावरचा ट्रे उचलून खिडकीत ठेवला. मग इकडेतिकडे बघायला लागले. मला कळलं, पत्र हवं होतं. मी वहीतलं कोरं पान फाडायला हात घातला तोवर नाना वाकले, टेबलाचा पाय एका हाताने उचलला आणि घडी काढून घेतली. टेबल कुरकुरलं आणि एका बाजूला टेकलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, अर्धी आत. वही उघडून मी पान काढलं, बोट ओळीवर ठेवलं. पस्तीस वर्षांनी बोट आपणहून तिथे गेलं.

रखवालदाराने पत्र उघडायला सुरुवात केली. बत्तीस पदर, सोळा, आठ. प्रत्येक घडी ते तळहाताने सपाट करत होते, जणू आत काहीतरी मोडेल. वहीत लिहिलं होतं, 'पत्र फोडतो,' एवढंच. चार, दोन, एक. त्यांनी कागद दूर धरला, जवळ आणला. वहीतलं पत्र सुरू होतं, 'बाबा, इथे थंडी फार आहे.' माझे ओठ 'बा'साठी मिटले.

"गॅस खालूनही बंद करायचा," नानांनी वाचलं.

मास्तरांनी झटकन माझ्याकडे बघितलं.

"सकाळची गोळी पांढरी. रात्रीची पिवळी." नाना सावकाश वाचत होते, वाचता न येणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडून ऐकलेलं आठवावं तसे. "बाहेर पडताना किल्ली गळ्यात." ते थांबले, मान वर केली, आणि टेबलाला म्हणाले, "मी किती वर्षं लोकांच्या किल्ल्या सांभाळल्या. आणि पोरगी लिहिते, किल्ली गळ्यात." मग पुन्हा खाली बघून, "खाली नंबर दिलाय. मोठे आकडे केलेत. तिला वाटतं मला दिसत नाही." मी तो कागद लिहिताना एकही जास्तीचा शब्द घातला नव्हता, आणि आता तो ऐकताना मला वाटत होतं की यात सगळं लिहून गेलंय, मला न विचारता. मास्तर माझ्याकडे बघायचे थांबले होते. ते पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये, तालमीत बसायचे तसे.

मग नाना थांबले. पत्र संपलं होतं. पुढची ओळ माझ्या बोटाखाली होती आणि समासात माझ्याच तेरा वर्षांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'थांबा ११. बोलू नये.' तीन. चार. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, शर्टाच्या खांद्यावरच्या शिवणीकडे. शिवण हलत नव्हती. सात. आठ. मास्तरांची मान अगदी हळू माझ्याकडे वळायला लागली. दहा. अकरा. बारा. शिवण हलत नव्हती, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, श्वास मी धरला आहे. इथे उभी राहून, काट्यासमोर उभी राहते तशी, आकडा स्थिर व्हायची वाट बघत. छाती दुखत होती. मी श्वास सोडला. त्याचा आवाज झाला, हुंदक्यासारखा.

नाना वळले. डोळे बारीक करून त्यांनी दाराकडे बघितलं, जिथे मी अर्धी आत, अर्धी बाहेर होते.

"कोण आहे तिकडे?"

तो रखवालदार विचारत होता की नाना, मला सांगता येणार नाही. त्यांना ती जुनी संध्याकाळ आठवली होती, की त्या क्षणी त्यांच्या घराच्या दारात एक अनोळखी बाई हातात वही घेऊन उभी होती, तेही मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं, आणि तिथे एकच उत्तर नव्हतं. कोरी किल्ली आत घालून हलकेच फिरवावी, तसं मी म्हणाले, "मीच."

"मीच कोण?"

"दार उघडं होतं. म्हणून आले."

नानांचा चेहरा जरासा उजळला. टाचणीच्या टोकाएवढा. त्यांनी हात पुढे केला. मनगटावरचे जुने ओरखडे आता सुरकुत्यांत मिसळून गेले होते. "मग बाहेर ये. अशी आत काय उभी राहतेस?"

मी वही फ्रिजवर ठेवली. माझ्यापासून तो हात तीन पावलांवर होता. मी मोजली नाहीत, नंतर आठवून सांगते आहे. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"वहीत नव्हतं."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, दुसऱ्या हाताने टेबलाला धरून, आणि टेबल त्यांच्या हसण्याबरोबर डुगडुगत होतं, खिडकीतल्या ट्रेमध्ये तीन कप होते आणि मास्तर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. "ऐकलंस का रे भूगोल," नाना म्हणाले, "वहीत नव्हतं म्हणते!"

मास्तरांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघितलं. ते काही विचारत नव्हते, पण वाट बघत होते. नानांचा हात माझ्या हातात होता आणि त्यांचा श्वास चालू होता, माझाही.

"मास्तर, पत्रिका छापायला द्या," मी म्हणाले. "नाना करणार आहेत. आणि वही कुणाच्याच हातात द्यायची नाही. मी विंगेत बसणार नाही. मी त्यांच्यासमोर स्टेजवर येणार आहे."